गाडी नुसती जुनी झाली म्हणून तेल गळत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या वाहनांच्या पानावर मागे जुन्या फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या) गाड्यांवर लेख आला होता. लेख चांगलाच होता, पण त्यात जाता जाता एक वाक्य होतं की जुनी गाडी म्हटली की खालून थोडंफार तेल गळणारच, ते धरून चालायचं. ते वाक्य मला काही केल्या पटलं नाही म्हणून हे पत्र. गळतीला दर वेळी काहीतरी कारण असतं आणि बऱ्याचदा ते घरच्या घरी सापडतं, फक्त सील (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी) बदलायची घाई करण्याआधी ते शोधायला बसलं पाहिजे.

माझंच सांगतो. माझ्या गाडीत मागच्या डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) तोंडाशी, म्हणजे गिअरबॉक्सकडून जोर आणणारा प्रोपेलर शाफ्ट येऊन जोडला जातो तिथे, तेल यायचं. पिनियनचं (त्या शाफ्टला जोडलेल्या आतल्या छोट्या गिअरचं) सील गेलं असं समजून बदललं, दोन महिन्यात परत ओलं. पुन्हा बदललं, या वेळी जास्त चांगल्या प्रतीचं घेतलं, तरी तेच. तिसऱ्यांदा खाली झोपलो तेव्हा हात सहज ब्रीदरला लागला. ब्रीदर म्हणजे एक्सलच्या हाउसिंगवर (चाकांचा आस आणि डिफरन्शियल ज्यात असतं त्या कवचावर) वरच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी टोपी असते, तिच्याकडे कोणी बघत नाही. माझ्या गाडीतली टोपी हाताने फिरायला पाहिजे होती, पण चिखल वाळून ती जागच्या जागी दगडासारखी बसली होती. गाडी नुकतीच फिरून आलेली, हाउसिंग गरम, पान्याने ब्रीदर सैल केला तर आतून फुस्स करून हवा बाहेर आली. त्या एका आवाजात सगळं कळलं. गाडी चालली की तेल तापतं, आतली हवा फुगते, तिला वरून वाट मिळाली नाही की ती सीलच्या कडेतून तेल ढकलत बाहेर पडते. दोन्ही सीलं चांगली होती, मी उगाच उपटून काढली. ब्रीदर रॉकेलात बुडवून साफ केला, टोपी मोकळी फिरायला लागली, आणि तेव्हा बसवलेलं तिसरं सील आजही कोरडं आहे.

याची उलटी बाजू पण आहे. तापलेला एक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं, मग तेल दुधाळ होतं आणि बेअरिंगं गंजतात. ब्रीदर चालू असला पण पाण्याखाली गेला तरी तेच. म्हणून ज्यांना ओढे-नाले ओलांडायचे असतात त्यांनी ब्रीदरला नळी जोडून तिचं टोक वर बॉनेटखाली उंचावर नेऊन बांधावं, काम तासाभराचं आहे.

आता गळती नेमकी कुठून आहे ते कसं ओळखायचं. आधी गाडीचं पोट स्वच्छ धुवा, जुन्या तेलमातीचा थर असताना काहीही दिसत नाही. मग थोडी चालवून या, खाली पुठ्ठा अंथरा आणि टॉर्च घेऊन बघा. जिथून थेंब पडतो तिथे गळती असतेच असं नाही, चालत्या गाडीत वारा तेल मागे मागे नेतो, त्यामुळे सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली थेंब असेल तर बोटावर घेऊन वास घ्या, गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला तसा नसतो. गिअर ऑइल असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलकडे बघा, इंजिन ऑइल असेल तर क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या शाफ्टच्या) मागच्या सीलकडे, पण त्याआधी वर टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग ओलं नाही ना ते बघून घ्या कारण तिथलं तेलसुद्धा ओघळत तिथेच येतं.

लेव्हल बघायची राहून जाते. डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सला साधारणपणे भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल हवं, त्याहून जास्त कोंबलं तर ते गळूनच बाहेर येणार. काही गाड्यांत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा) यांच्या मधलं सील गेलं की एकातलं तेल दुसऱ्यात जातं, एकाची लेव्हल कमी होते, दुसरा भरून वाहतो आणि माणूस भलत्याच ठिकाणी गळती शोधत बसतो. आणि तेल सोडण्याआधी भरायचा बोल्ट उघडतोय ना ते बघा, नाहीतर तेल रिकामं करून बसाल आणि भरता येणार नाही.

एवढं करून सीलच गेलेलं निघालं तर ते बदलावं, पण बदलताना ते का गेलं ते बघावं. शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघा, बेअरिंगमध्ये खेळ असेल तर नवीन सील पण टिकणार नाही. सील जिथे घासतं त्या जागेवरून नख फिरवा, नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे. अशा वेळी बारीक पत्र्याची स्लीव्ह मिळते ती चढवता येते, किंवा जागा असेल तर नवीन सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवायचं म्हणजे त्याची कड कोऱ्या जागेवर घासते. सीलमधली बारीक स्प्रिंग तेलाच्या बाजूला ठेवायची, कडेला ग्रीस लावायचं आणि सारख्या व्यासाच्या पाइपने चारी बाजूंनी सारखं ठोकत बसवायचं, एका बाजूने हातोडी मारली की ते तिरकं बसतं.

पिनियनच्या नटाबाबत मात्र फार जपा. बऱ्याच एक्सलमध्ये त्या नटाच्या दाबावर आतली चेपणारी स्लीव्ह (नट आवळला की दबणारी छोटी नळी) आणि बेअरिंगचा ताण ठरलेला असतो. नट खोलण्याआधी नट, शाफ्ट आणि फ्लँजवर (शाफ्ट जोडायच्या चकतीवर) खूण करा, बाहेर दिसणारे आटे मोजा, परत आवळताना खुणेवर आणा. जोर लावून गच्च आवळला तर सील राहील पण बेअरिंग जाईल. आपल्या एक्सलला काय लागतं ते मॅन्युअलमध्ये बघूनच हात घाला.

लेखात जे थोडंफार म्हटलंय त्यातलं एक ठिकाण असं आहे की तिथलं थोडंसुद्धा चालवून घेऊ नये. मागच्या चाकाच्या एक्सल सीलमधून येणारं तेल ब्रेकच्या ड्रममध्ये जातं. लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) तेल पितात, पुसून किंवा भाजून ते पूर्वीसारखे होत नाहीत, बदलावेच लागतात, आणि उतारावर ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. चाकाच्या आतून तेलाचा ओघळ दिसला की गाडी उभी करा, सील बदलल्याशिवाय बाहेर काढू नका.

अजून एक, यात जीव जाऊ शकतो म्हणून लिहितोय. काही जुन्या गाड्यांत हँडब्रेक चाकांना नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. शाफ्ट काढला की हँडब्रेक गेला. मागचं एक चाक उचललं तरी डिफरन्शियलमुळे तो गाडी धरून ठेवत नाही. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल तर गिअरमध्ये टाकून ठेवण्याचाही उपयोग नाही. म्हणून जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे, सपाट कडक जमिनीवर काम करायचं आणि नुसत्या जॅकवर कधीच खाली जायचं नाही, दोन्ही बाजूंना स्टँड पाहिजेतच.

संपादकसाहेब, तुमच्या पानाचा वाचक नुकती जुनी गाडी घेणाराही असतो. गळणारच असं वाचून तो थेंबाकडे दुर्लक्ष करेल आणि तोच थेंब लायनरवर पडत असेल. पुढच्या अंकात जमलं तर ब्रीदरचा एक फोटो तेवढा छापा, कुठे असतो ते बाण काढून दाखवा. मला तो फोटो आधी बघायला मिळाला असता तर दोन सीलं वाचली असती.

आपला,
एक नियमित वाचक