‘आय-सेव्हन’च्या स्टिकरपलीकडे पाहा

मा. संपादक महोदय,

महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की सोलापुरात वापरलेल्या लॅपटॉपची चौकशी वाढते आणि इंटेलच्या ‘आय-सेव्हन’ प्रोसेसरचे (लॅपटॉपच्या मुख्य चिपचे) स्टिकर दिसले की पालक निर्धास्त होतात, पण त्या आकड्यावरून एकाच पिढीतील प्रोसेसरची प्रतवारी कळते, दोन पिढ्यांची तुलना होत नाही. २०१६ चा इंटेल कोअर आय-सेव्हन ७५००यू हा दोन कोअरचा (म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या दोन गणन-भागांचा) आहे, तर पुढच्याच वर्षी आलेल्या आय-फाइव्ह ८२५०यूमध्ये चार कोअर आहेत, आणि दोहोंची मूळ वीजमर्यादा मात्र १५ वॉटच आहे. व्हिडिओ संपादन किंवा प्रोग्रॅमिंग करताना हा फरक लगेच जाणवतो. नुसते टंकलेखन करायचे असेल, तर एसएसडी (वेगवान साठवण) बसवलेला जुना लॅपटॉपही पुरतो, हे मान्य. तथापि विंडोज ११ साठी मान्य प्रोसेसरच्या अधिकृत यादीत ७५००यू नाही आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा (सुरक्षा अद्यतने) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. (आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंख्यात धूळ साचलेला लॅपटॉप तापला, की नवा प्रोसेसरही आपला वेग उतरवतो, ते वेगळेच.) विक्रेत्यांनी पावतीवर प्रोसेसरचा संपूर्ण क्रमांक लिहावा आणि ग्राहकांनी तो विंडोजमधल्या ‘टास्क मॅनेजर’मध्ये पडताळूनच पैसे मोजावेत.

– एक वाचक, सोलापूर