विद्यापीठांची संकेतस्थळं कानांनी तपासा : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्रिमहोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी पूर्ण अंध आहे. पेशानं मराठीचा शिक्षक, आणि रविवारी दृष्टिहीन मुलामुलींना स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, संगणक शिकवतो. मार्चमधल्या अशाच एका रविवारी माझी एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन आली. एम.ए.चा परीक्षा अर्ज भरायचा होता आणि विलंब शुल्काविना भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. "सर, तुम्ही नुसते बसा, हात लावू नका," असं तिनं आधीच बजावलं.

पहिल्याच पानावर कॅप्चा. चित्रातली अक्षरं ओळखा म्हणे, आणि ती ऐकायची सोय नाही. तिनं गावी धाकट्या भावाला व्हिडिओ कॉल लावला, फोन पडद्यासमोर धरला, त्यानं अक्षरं वाचून दाखवली. आत गेल्यावर विषयांची यादी. स्क्रीन रीडर एकसुरात म्हणत होता, "चेक बॉक्स नॉट चेक्ड. चेक बॉक्स नॉट चेक्ड." असे नऊ. कुठला चौकोन कुठल्या विषयाचा, ते त्या पानानं कुणाला सांगितलंच नव्हतं. बघणाऱ्याला शेजारी छापलेलं नाव दिसतं; आम्हाला नऊ अनामिक चौकोन. तिनं वरून मोजत मोजत तीन निवडले. पुढे जन्मतारीख. ती टाइप करता येत नाही, कॅलेंडरातूनच निवडायची, आणि कॅलेंडर माऊसशिवाय उघडत नाही. ती टॅब दाबत राहिली. थोड्या वेळानं आवाज आला : सेशन एक्स्पायर्ड. पुन्हा कॅप्चा, पुन्हा भाऊ.

चौथ्या खेपेला तिनं लॅपटॉप मिटला आणि चौकातल्या सायबर कॅफेत गेली. तिथल्या माणसाला पासवर्ड सांगितला, आधार क्रमांक सांगितला, ओटीपीसुद्धा सांगितला. त्यानं दहा मिनिटांत अर्ज भरला. ऐच्छिक विषय बरोबर निवडला का, हे तिला हॉल तिकीट आल्यावर कळणार होतं.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. एकाचं लिहिलं की बाकीची सुटल्यासारखी वाटतील, आणि मला एका कुलसचिवांना खुलासा द्यायला लावायचा नाही. मला हवी आहे ती आपल्या विभागाच्या अखत्यारीतल्या प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठाच्या संकेतस्थळाची आणि विद्यार्थी पोर्टलची सुगम्यता तपासणी, म्हणजेच ॲक्सेसिबिलिटी ऑडिट.

हे उपकार म्हणून मागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा आहे आणि त्याचं कलम ४२ माहिती तंत्रज्ञानाबद्दलच आहे. सरकारी संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक सूचना २००९ पासून आहेत. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. आयएस १७८०२ हे माहिती तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचं भारतीय मानकही त्याच वर्षी नियमांत आलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारसवजा ठेवून चालणार नाहीत, सक्तीचे हवेत. एप्रिल २०२५ मध्ये प्रज्ञा प्रसून खटल्यात त्याच न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात, अनुच्छेद २१ मध्ये धरला. हे आपल्या सचिवांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग आहेत, हेही ठाऊक असेल.

तर मग पत्र कशासाठी? कारण मला भीती ऑडिट न होण्याची नाही, ते कसं होईल याची आहे. निविदा निघेल. सर्वांत कमी दराचा ठेकेदार येईल. तो एका सॉफ्टवेअरमधून मुखपृष्ठ, 'आमच्याविषयी' आणि 'संपर्क' ही पानं काढेल, रंगीत आलेखांचा अहवाल जोडेल, आणि कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह असलेलं एक बटण बसवून देईल. ते दाबलं की अक्षरं मोठी होतात, पान काळं होतं. देयक मंजूर. ज्याला पडदाच दिसत नाही त्याला मोठ्या अक्षरांचं काय कौतुक? आणि ज्याला मोठी हवीत, त्याच्या ब्राउझरमध्ये ती सोय आधीपासूनच आहे. 'हे बटण लावा, संकेतस्थळ आपोआप सुगम्य होईल' असा दावा करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडे तीच वस्तू अजून 'दिव्यांगस्नेही सुविधा' म्हणून मिरवते.

सॉफ्टवेअरची तपासणी निरुपयोगी नाही, पण ती अर्धवट असते. चित्रात काय आहे ते सांगणारा पर्यायी मजकूर जोडला आहे का, एवढं यंत्र बघतं. तो मजकूर 'इमेज वन' असला तरी पास. आपल्या मराठीच्या बाबतीत तर गंमतच आहे. पानाची भाषा कोणती, हे कोडमध्ये लिहावं लागतं. बहुतेक ठिकाणी साचा उचललेला असतो, त्यामुळे संपूर्ण मराठी पानावर भाषा 'इंग्रजी' अशी नोंद असते. यंत्र म्हणतं, भाषा नोंदवली आहे, पास. आमचा स्क्रीन रीडर मात्र ती नोंद प्रमाण मानून इंग्रजी आवाज लावतो आणि देवनागरी एक तर गिळतो, नाही तर तिचं काहीतरी भलतंच करतो. कुठे हिंदी अशी नोंद असते. मग 'ळ' कसाबसा निघतो आणि चमच्यातले दोन्ही 'च' चंद्रातले होतात. त्यावर आम्ही हसतो तरी. इंग्रजी आवाजावर हसूही येत नाही.

पीडीएफची कथा याहून जुनी आहे. परिपत्रक टंकायचं, छापायचं, त्यावर सही-शिक्का घ्यायचा, मग तेच स्कॅन करून संकेतस्थळावर चढवायचं. म्हणजे मजकुराचा फोटो. त्यावर स्क्रीन रीडर एकच शब्द बोलतो : ग्राफिक. आणि स्कॅन न करता थेट चढवलेलं असलं, तरी युनिकोडपूर्व, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर मराठी आकार चढवलेल्या जुन्या फॉन्टमधलं असेल तर कानावर इंग्रजी अक्षरं, टक्क्याच्या खुणा आणि कंस यांचा चिवडा पडतो. डोळ्यांना ते स्वच्छ मराठी दिसतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. अभ्यासक्रम, वेळापत्रकं, लेखनिकासाठीचे नियमसुद्धा याच रूपात असतात. अंधांनी लेखनिक कसा मागावा, हे अंधांना वाचता येत नाही.

म्हणून कार्यादेशात काय लिहावं, ते सांगतो. पानं तपासू नका, कामं तपासा. प्रवेश अर्ज, परीक्षा अर्ज, शुल्क भरणं, निकाल, पुनर्मूल्यांकन. प्रत्येक काम लॉगिनपासून पावतीपर्यंत. वेब सुगम्यतेच्या ज्या आंतरराष्ट्रीय निकषांवर आपल्या मार्गदर्शक सूचना उभ्या आहेत, त्यांतच हे आहे : प्रक्रियेतलं एक पान नापास झालं की त्या प्रक्रियेतलं कुठलंच पान पास धरायचं नाही. शुल्क भरण्याचं पान बाहेरच्या कंपनीचं आहे, ही सबब म्हणूनच चालत नाही. सेशन संपण्याआधी इशारा द्यावा आणि एका साध्या कळीनं वेळ वाढवता यावी, हेही त्यात आहे. हे सगळे निकष पाळले असते, तर माझी विद्यार्थिनी सायबर कॅफेत गेली नसती.

तपासणाऱ्यांमध्ये आम्ही हवेत, उद्घाटनाच्या फोटोपुरते नव्हे. रोज स्क्रीन रीडर वापरणारी, केवळ कळफलकावर काम करणारी, कमी दिसणारी, बहिरी अशी माणसं, आणि त्यांना त्या कामाचं मानधन. प्रज्ञा प्रसून निकालात बँकांसारख्या संस्थांसाठी हेच सांगितलं आहे : ठरावीक काळानं प्रमाणित तज्ज्ञांकडून ऑडिट, आणि चाचणीत दृष्टिहीन व्यक्तींचा सहभाग. विद्यापीठांनी तोच पायंडा पाडायला कुणाची हरकत असेल?

आणि सर्वांत महत्त्वाचं, दुरुस्ती. ऑडिट एकाचं, देखभाल करार दुसऱ्याचा, पोर्टल तिसऱ्याचं, असं असलं की अहवाल फायलीत जातो. प्रत्येक दोषापुढे जबाबदार कंत्राटदाराचं नाव आणि तारीख पडू द्या. फेरतपासणी होईपर्यंत देयकाचा मोठा हिस्सा रोखून ठेवा. अहवाल त्याच संकेतस्थळावर सर्वांना वाचायला ठेवा, अर्थात वाचता येईल अशा रूपात. यापुढच्या प्रत्येक पोर्टलच्या निविदेतच या अटी असू द्या. नव्या इमारतीला रॅम्प आराखड्यातच काढतात, उद्घाटनानंतर पायऱ्या फोडत नाहीत. (काही ठिकाणी फोडतात, तो वेगळा विषय.)

सगळं एकदम जमणार नसेल, तर परीक्षा अर्जापासून सुरुवात करा. तो एक दिवस चुकला तर विलंब शुल्क, आणि त्यानंतर वर्ष.

आपलं उत्तर येईल अशी आशा आहे. फक्त एक विनंती, ते स्कॅन करून पाठवू नका. सही नसली तरी चालेल. युनिकोड मराठीत टंकलेलं साधं ईमेल पाठवा, म्हणजे ते मला वाचून दाखवायला कुणाला बोलवावं लागणार नाही.

आपला,
एक शिक्षक