सदाफुलीच्या पानांवरून दिनूस

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. शुगर वाढली म्हणून रोज सकाळी सदाफुलीची पानं चावून खातोस, आणि वर मलाच विचारतोस, ‘झाडपाला तर आहे, त्यानं काय होतंय?’ रसायनशास्त्रात हयात घालवलेल्या मित्राला हे विचारायला तुझा हात कसा धजावला? आता पत्र लांबलं तर तक्रार करू नकोस.

सदाफुलीच्या प्रजातीचं नाव कॅथरँथस. जाती जेमतेम आठ. त्यातल्या सात मूळच्या मादागास्करच्या, एक आपल्याकडची आणि श्रीलंकेतली. तू खातोस ती मादागास्करची, कॅथरँथस रोझियस. कण्हेर आणि सर्पगंधा हिच्याच कुळातल्या, म्हणजे घराणं काय आहे ते बघ.

गंमत म्हणजे हे सगळं प्रकरण मधुमेहापासूनच सुरू झालं. जमैकात लोक या पानांचा काढा साखरेसाठी घेत. १९५२ साली कॅनडातल्या रॉबर्ट नोबल या संशोधकाकडे त्याच्या डॉक्टर भावानं तिथली थोडी पानं पाठवली. नोबलनं प्राण्यांना अर्क पोटातून दिला, तर रक्तातली साखर ढिम्म हलेना. मग टोचून दिला, तर प्राणी जंतुसंसर्गानं पटापट मेले. रक्त तपासलं तेव्हा पांढऱ्या पेशी पार घसरलेल्या आणि अस्थिमज्जा, म्हणजे रक्तपेशी बनवणारा हाडांतला मगज, सुकत चाललेली. साखरेचं औषध शोधणाऱ्यानं इथं फाइल मिटवली असती तर नवल नव्हतं. नोबलला मात्र वाटलं, जे पांढऱ्या पेशी इतक्या घटवतं ते रक्ताच्या कर्करोगात कामाला येईल. चार्ल्स बीअर या रसायनज्ञानं तो पदार्थ वेगळा काढला आणि १९५८ मध्ये दोघांनी तो जाहीर केला. तेच विनब्लास्टिन. त्याच सुमारास अमेरिकेतली एली लिली कंपनीही उंदरांवर याच झाडाचे प्रयोग करत होती. तिथून विनक्रिस्टिन निघालं आणि १९६३ मध्ये त्याला तिथे मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही उपचाराचा कणा आहे.

आता माझ्या आवडीचा भाग. विनब्लास्टिनचा रेणू दोन अर्धांचा जोड आहे, एक विंडोलिन आणि दुसरं कॅथरँथिन. सुटे असताना त्यांचा कर्करोगावर फारसा जोर चालत नाही. जुळले की पेशीतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतात. पेशी दुभंगताना गुणसूत्रं ओढून वेगळी करायला ज्या बारीक नळ्या लागतात, त्या ट्युब्युलिनच्याच. त्या उभ्याच राहिल्या नाहीत की विभाजन अडतं आणि पेशी मरते. पण झाड हे दोन अर्ध एकत्र ठेवतच नाही. कॅथरँथिन पानाच्या वरच्या मेणात, विंडोलिन आतल्या पेशींत! म्हणून जोड फार थोडा बनतो, आणि ग्रॅमभर विनब्लास्टिनसाठी पाचेकशे किलो वाळलेली पानं लागतात. फ्रान्सच्या पिएर पोतिएनं दोन्ही अर्ध प्रयोगशाळेत जुळवायची वाट शोधली, त्यातूनच पुढं विनोरेल्बिन हे कर्करोगाचं आणखी एक औषध आलं. २०२२ मध्ये तर दोन्ही अर्ध यीस्टकडून बनवून घेतले गेले. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून येरझाऱ्या घातल्या होत्या.

आणि विनब्लास्टिन-विनक्रिस्टिनमधला फरक केवढा? एका नायट्रोजनवर पहिल्यात मेथिल हा अणूंचा इवलासा गट आहे, दुसऱ्यात फॉर्मिल हा तसाच दुसरा. बस. तेवढ्यानं पहिलं मुख्यतः अस्थिमज्जेला त्रास देतं, दुसरं नसांना: हातापायांना मुंग्या, बद्धकोष्ठ, कधी जबडा दुखणं. विनक्रिस्टिनची एका वेळची मात्रा सहसा २ मिलिग्रॅमपलीकडे नेत नाहीत आणि ते फक्त शिरेतून देतात. चुकून मणक्यातल्या द्रवात गेलं तर माणूस बहुधा वाचत नाही.

तू म्हणशील, पानात ते इतकं कमी, मग मला कशाला भिववतोस? चार पानांनी तुला केमोथेरपी होणार नाही, कबूल. मधुमेही उंदरांत पानांच्या अर्कानं साखर उतरल्याचे प्रयोगही आहेत, तेही कबूल. पण त्यांना अर्क मोजून दिला होता. या झाडात शंभरावर अल्कलॉइडं, म्हणजे झाडं बनवतात ती नायट्रोजनयुक्त, बहुधा जहाल रसायनं, आहेत. झाडाचं वय, हंगाम, पान कोवळं की जून, यावर त्यांचं प्रमाण बदलतं. आज तुझ्या तोंडात काय आणि किती गेलं ते मलाही सांगता यायचं नाही. त्यात अजमॅलिसिन रक्तदाब उतरवतं, आणि तू दाबाची गोळीही घेतोस. चक्कर येऊन पडलास तर दोष गोळीला देशील.

तेव्हा पानं आजपासून बंद. शुगरची गोळी मनानं बंद केली असशील (तुझा स्वभाव मला ठाऊक आहे), तर उद्याच डॉक्टरांना तसं स्पष्ट सांग आणि पानांचंही सांग, लाजू नकोस. पुढच्या पत्रात तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा कळव. सकाळचा एकटा आकडा मला चालणार नाही.

वहिनींना नमस्कार. हे पत्र आधी त्यांना वाचायला दे.

तुझा,
श्रीधर