शिळावर्तुळात चूल पेटवू नये

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीत जुनापाणीच्या शिळावर्तुळांवर, म्हणजे गोलाकार मांडलेल्या प्राचीन धोंड्यांवर, पानभर लेख छापलात, त्याबद्दल आभार. नागपूरला इतक्या जवळ असूनही वर्तमानपत्रांचं तिकडे क्वचितच लक्ष जातं. पण सोबतचं छायाचित्र पाहून संताप आला. तरुण मंडळी वर्तुळाच्या मधोमध सतरंजी टाकून बसलेली, शेजारी तीन दगडांची चूल पेटलेली आणि कडेच्या धोंड्यावर पूर्वजांनी कोरलेले वाटीसारखे खळगे पांढऱ्या खडूने भरलेले. खाली ओळ, ‘असा घालवा रविवार’!

वर्तुळ म्हणजे फक्त कडेचे दगड, असा लेखकाचा समज दिसतो. अहो, ती दफनं आहेत. कडेला काळ्या पाषाणाचे न घडवलेले धोंडे, आत काळ्या मातीची नि दगडगोट्यांची भर, आणि त्या भरीत अस्थी, मडकी, लोखंडी कुऱ्हाडी. नागपूरजवळच्याच माहुरझरीच्या उत्खननात तर माणसासोबत पुरलेला घोडा सापडला, तोही तांब्याच्या अलंकारांसह. चुलीचे ते तीन दगड या भरीतूनच उचललेले असणार. वरचा थर असा उकरला की पावसाचं पाणी तिथूनच शिरतं, माती वाहून जाते आणि मधला उंचवटा हळूहळू बसतो. उंचवटा गेला की नवख्याला वर्तुळ ओळखूही येत नाही.

खडूचं तेच. खळगे उथळ असतात, भर दुपारी दिसत नाहीत, म्हणून लोक खडू फासतात. त्याऐवजी सकाळी किंवा सायंकाळी ऊन तिरपं असताना जावं. खळग्याच्या एका कडेला सावली धरते आणि खळग्यांची अख्खी ओळ उठून दिसते. आभाळ असेल तर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाकावा. खडूची भुकटी दगडाच्या बारीक छिद्रांत बसते, ती काढायला घासावं लागतं, आणि घासण्याने खळग्याची कड झिजते. धोंडा तर जागचा हलवूच नये. खळगे असलेले दगड ठरावीक दिशांना मांडले होते का, यावर संशोधन झालेलं आहे. एक दगड फोटोसाठी वळवला की त्याच्यापुरता पुरावा कायमचा संपला.

लेखात श्रावणात जा म्हटलं आहे. श्रावणात गवत इतकं माजलेलं असतं की निम्मे दगड झाकले जातात आणि पाय नेमका भरीवर पडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. फेरी बाहेरून मारावी. कडेच्या दगडांत मध्येच मोठी फट आली तर तिथला धोंडा बहुधा कुणाच्या कुंपणाला नाहीतर जोत्याला गेलेला असतो.

जुनापाणी हे केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानुसार नासधुशीला २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. पानभर लेखात याची एक ओळ नाही.

आणखी एक. आपल्या संकेतस्थळावर याच लेखाखाली शेतांमधल्या असंरक्षित वर्तुळांचे नेमके नकाशे दिलेत, आणि शीर्षकात शब्द ‘खजिना’. गुप्तधनाच्या नादाने खणणाऱ्यांना आयता पत्ता मिळाला. ज्यांच्या उभ्या तुरीतून लोक घुसतील, त्या शेतकऱ्यांना कुणी विचारलं होतं का? ते नकाशे आजच काढावेत आणि चुलीच्या छायाचित्राबद्दल येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्ती छापावी.

आपला,
एक नियमित वाचक