सुपारोबोतलं मानपान

निशिकासाई, टोक्यो
नोव्हेंबर २०२५

प्रिय सुध्या,

'सुपर रोबोट वॉर्स ३०' (इथे या गेम-मालिकेला लाडाने 'सुपारोबो' म्हणतात) सेलमध्ये घेतलास हे वाचून बरं वाटलं आणि त्याच्या पुढचं वाक्य वाचून हसू आलं. "अख्खी संध्याकाळ गेली, माणसं नुसती बोलतायत, गेम कधी सुरू होणार?" एवढ्यावर थांबला असतास तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. पण वर डिवचलंसही, की तुम्ही लोक याच्यावर एवढे भांडता तरी कशावरून. आता भोग आपल्या कर्माची फळं.

पटावरचा खेळ म्हणून बघशील तर तुझी तक्रार खरी आहे. चौकटींचा मॅप, आधी तुझी पाळी, मग शत्रूची. शत्रूला अक्कल बेताचीच, समोर दिसेल त्याच्यावर चालून येतो. एखादा चपळ गंडम रोबोट नीट अपग्रेड करून पुढे उभा केलास की शत्रूच्याच पाळीत तो उलटे वार करून अर्धा मॅप झाडून काढतो. ३० मध्ये तर ऑटोची सोय आहे. लढाई चालू करून द्यायची आणि चहा टाकायला जायचं. डावपेचांची खाज भागवायला कोणी हा गेम घेत असेल असं मला वाटत नाही.

हे खरं म्हणजे लग्नघर आहे, सुध्या. दहा-पंधरा घराण्यांचे पाहुणे, म्हणजे वेगवेगळ्या जपानी ॲनिमेशन मालिकांमधले रोबोट आणि त्यांचे पायलट, एका मांडवात आलेत आणि प्रत्येकाचं मानपान सांभाळायचंय. कोणाला पहिल्या पंगतीला बसवलं, कोणाला नुसतं अक्षता टाकून वाटेला लावलं, कोणाच्या काकांचं नावच पत्रिकेत नाही. इथल्या चाहत्यांची सगळी भांडणं यावरूनच असतात. नव्या भागाची घोषणा झाली की गोष्ट काय, ग्राफिक्स कसे, हे कोणी विचारत नाही. आधी यादी बघतात: कोण आलं, कोण राहिलं, आणि कोण फक्त नावाला आलं. नावाला येणं म्हणजे रोबोट आहे, पायलट आहे, पण त्याची गोष्ट गेममध्ये घडतच नाही. नुसता हजेरी लावून कोपऱ्यात उभा. हा अपमान लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

मूळ घराणी तीन. 'माझिंगर झेड' १९७२ चा, 'गेटर रोबो' १९७४ चा आणि 'गंडम' १९७९ चा. पहिली दोन चित्रकथाकार गो नागाई यांच्या गोतातली: हल्ल्याचं नाव घसा फाटेस्तोवर ओरडायचं आणि मग मूठ उडवायची. गंडम म्हणजे दिग्दर्शक तोमिनोंचं युद्ध. तिथे रोबोट हे कारखान्यातून निघणारं शस्त्र, पायलट घाबरतात, वरिष्ठांशी वाद घालतात आणि मरतात. या दोन स्वभावांना शेजारी बसवायचं कसं, हाच या मालिकेपुढचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न. एप्रिल १९९१ मध्ये बानप्रेस्टो कंपनीने गेमबॉयवर पहिला भाग काढला तेव्हा त्यांनी तो सरळ टाळला. त्यात पायलटच नव्हते, रोबोट स्वतःच बोलायचे. डिसेंबरात फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर दुसरा भाग आला, त्यात माणसं कॉकपिटमध्ये बसली आणि खरी मजा सुरू झाली. पटावरही तो फरक दिसतो. नागाईंच्या वळणाचे ते 'सुपर', जाड चिलखताचे, मार खाऊन मारणारे. गंडमच्या वळणाचे ते 'रियल', अंगाला वारा न लागू देता मारणारे.

मधल्या वर्षांचा पाढा वाचत नाही. एवढंच लक्षात ठेव की १९९० च्या दशकातल्या बहुतेक भागांना इथे 'विंकी काळ' म्हणतात, कारण ते विंकीसॉफ्ट नावाच्या कंपनीने बनवले. २००० साली प्लेस्टेशनवर 'अल्फा' आला तिथून दुसरा काळ. कोणता काळ भारी, हे विचारायचं नाही. विचारलंस तर रात्रीची शेवटची लोकल चुकते.

मागच्या महिन्यात माझ्यासमोरच ते झालं. ऑफिसातली आम्ही चार टाळकी इझाकायात, म्हणजे इथल्या खाण्यापिण्याच्या बारमध्ये, बसलो होतो. एक साहेब निवृत्तीला आलेले, लहानपणी माझिंगर टीव्हीवर बघितलेला. एक पोरगा विशीतला, 'विच फ्रॉम मर्क्युरी' या गंडम मालिकेमुळे ऑगस्टमध्ये आलेल्या 'वाय' या नव्या भागाकडे वळलेला. आणि एक बाई, माझ्याच वयाच्या, ज्यांना 'मॅजिक नाइट रेअर्थ' ही मालिका सोडून कशाशी देणंघेणं नाही. साहेबांनी बिअरचा पहिला घोट घेतला आणि सुरू झाले: आता सगळं लाडाचं झालंय, आमच्या वेळी 'एफ फायनल' हा भाग खेळून दाखवायला लागायचा. तिथे सुपर रोबोटचे वार शत्रूला लागतच नसत. 'इव्हांगेलियन' मालिकेतलं रोबोट-युनिट वीजकेबलपासून लांब गेलं की पाळीगणिक त्याची शक्ती गळायची. पोरगा शांतपणे म्हणाला, "म्हणजे त्रास होत होता." साहेब म्हणाले, "हो, आणि तो आम्ही विकत घेत होतो."

मग गाडी नेहमीच्या स्टेशनावर आली: रोबोट म्हणायचं कोणाला? २०१७ च्या 'व्ही' मध्ये स्पेस बॅटलशिप यामातो आली, ती जहाज. २०१९ च्या 'टी' मध्ये 'काउबॉय बिबॉप' आला, त्यात लढायला एक छोटं विमान. आणि 'वाय' मध्ये गॉडझिलाची मालिका आहे. साहेबांना गॉडझिला चालतो, पण तीन शाळकरी मुली जादूने देवस्वरूप यंत्रांत शिरतात ते रेअर्थ चालत नाही. त्यावर बाईंनी ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "सरडा चालतो आणि मुली चालत नाहीत का?" टेबलावर शांतता. पोरग्याने घाईघाईने एदामामेची आणखी एक प्लेट मागवली. माझं मत विचारशील तर मी बाईंच्या बाजूने. रोबोट किती लोखंडी आहे यापेक्षा बाकीच्यांशी बोलताना तो कसा उभा राहतो हे मी बघतो. 'टी' मध्ये त्या तिघी या कंपूत मुरलेल्या दिसतात.

आता तू ज्याला नुसतं बोलणं म्हणतोस त्याकडे वळू. लेखकाचं काम बघ. एका मालिकेतली पृथ्वी नष्ट होत आलेली, दुसरीतली जेमतेम युद्धातून सावरलेली, तिसरीतली माणसं भलत्याच जगातून आलेली. या सगळ्यांची एकच गोष्ट करायची, आणि कोणाचा चाहता रुसता कामा नये. तुझ्या ३० मध्येच 'नाइट्स अँड मॅजिक' मधला एर्नेस्टी भेटेल. मूळ गोष्टीत तो आपल्यासारखाच रोबोटवेडा, मरून दुसऱ्या जगात जन्मलेला. या गेममध्ये त्याला खरोखरचे माझिंगर आणि गंडम बघायला मिळतात तेव्हा त्याची जी अवस्था होते, ती वाचताना मला स्वतःची लाज वाटली, इतकी ती ओळखीची होती. तू ते प्रसंग भराभर बटण दाबून पुढे ढकलले असशील, तर परत जाऊन वाच.

मानपान गाण्यातही असतं. ज्याने वार केला त्याचं शीर्षकगीत वाजतं. शत्रूचं गंभीर संगीत चालू असतं, आणि मध्येच कॉम्बॅटलर व्ही पुढे सरकतो की १९७६ ची ती बँडबाजासारखी चाल सुरू. साध्या आवृत्तीत नुसती धून मिळते. २०१७ च्या 'व्ही' भागाच्या वेळी मूळ गायकांच्या आवाजातली गाणी असलेली वेगळी, महागडी आवृत्ती काढली होती. लोकांनी नुसत्या गाण्यांसाठी ती घेतली. मीही घेतली, आणि घरी किंमत सांगितली नाही.

आणि रुसणारे पाहुणे! 'इदेऑन' हा मूळ मालिकेतच जगाचा शेवट करणारा. २००५ च्या तिसऱ्या 'अल्फा' मध्ये त्याला घेतलं, आणि तो स्वभाव तसाच ठेवला. मार खाल्ला की त्याच्यातली शक्ती जागी होते, मग तो आवरत नाही. त्याला वारंवार भडकू दिलंस तर गेमच संपतो, विश्वासकट. म्हणजे संघातला सगळ्यात ताकदवान गडी आणि त्यालाच जपून वापरायचा. असा डाव दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मी खेळलेलो नाही.

पण मला या मालिकेचं जे खरं वेड आहे ते 'झांबॉट ३' मुळे. १९७७ ची, तोमिनोंचीच मालिका, मुलांसाठी म्हणून काढलेली. शत्रू माणसांच्या शरीरात बॉम्ब पेरतात, लोक रोबोट चालवणाऱ्या पोरांनाच दोष देतात, आणि शेवटी नायक काप्पेईची दोन्ही चुलत भावंडं, उचुता आणि केइको, मरतात. तो एकटा परत येतो. या गेमच्या काही भागांत त्या दोघांना वाचवता येतं. पण ते आपोआप होत नाही, गुप्त अटी असतात: अमुक टप्प्यापर्यंत अमुक पायलटने इतके शत्रू पाडलेले हवेत, तमक्याशी बोललेलं हवं. अटी पुऱ्या झाल्या की ठरलेल्या जागी ठरलेला मृत्यू होत नाही आणि गोष्ट पुढे चालू राहते. 'झेटा गंडम' मधल्या फोर मुरासामेलाही कितीतरी भागांत असं बोलून आपल्या बाजूला आणता येतं. इझाकायातल्या साहेबांना हे पसंत नाही. त्यांचं म्हणणं, मेलेल्यांना उठवलं की तोमिनोंनी केलेल्या कामाचं वजन जातं. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण ज्याने दहाव्या वर्षी तो शेवट बघून जेवण टाकलं होतं, त्याला पन्नाशीत तो बदलायची संधी मिळत असेल तर ती नाकारणारा मी कोण? गंमत म्हणजे साहेबांनी स्वतः त्या अटी पुऱ्या केल्यात. बाईंनी तिथल्या तिथे त्यांच्याकडून ते वदवून घेतलं.

थोडं कामाचं. प्रत्येक पायलटकडे 'स्पिरिट' आदेश असतात, त्यांच्याकडे काणाडोळा करू नकोस. 'हिरामेकी' लावला की शत्रूचा पुढचा एक वार हमखास चुकतो. 'नेक्केत्सु' म्हणजे रक्त उसळणं, त्याने पुढच्या वाराचा मार वाढतो. शिवाय जोश नावाचा आकडा असतो, तो सहसा शंभरापासून सुरू होतो आणि लढत गेलं की चढतो. मोठे हल्ले त्याच्याशिवाय उघडतच नाहीत. म्हणून पहिल्याच पाळीत सगळी ताकद दाखवता येत नाही, आणि हे मला फार आवडतं, कारण टीव्हीवरही तसंच असायचं. मोठा हल्ला पाच मिनिटं उरली की. आणि 'तेकागेन' नावाचा एक आदेश आहे, हात राखून मारायचा: शत्रूचे जेमतेम १० गुण शिल्लक राहतात. तरबेज पायलटने असा अर्धमेला करून द्यायचा आणि शेवटचा घाव एखाद्या कच्च्या गड्याला घालू द्यायचा, म्हणजे अनुभव त्याला मिळतो. जुन्या भागांत लोक असे घाव मुद्दाम बॉस बोरोटला देतात. माझिंगरमधला तो भंगारातून जोडलेला विनोदी रोबोट. इतरांची यंत्रं पडली की दुरुस्तीला हजारोंचा खर्च, याला १०. त्याच्याकडून जगातला सगळ्यात मोठा खलनायक मारून घेणं हा इथला जुना राष्ट्रीय छंद आहे.

तू विचारलंस की एवढी वर्षं हे आपल्याकडे का मिळत नव्हतं. हक्क, दुसरं काय. प्रत्येक रोबोटचा मालक वेगळा, आणि जपानबाहेरचे हक्क आणखी तिसऱ्याकडे. म्हणूनच २००६ मध्ये अमेरिकेत जे दोन भाग निघाले ते 'ओरिजिनल जनरेशन', ज्यांत सगळे रोबोट कंपनीचे स्वतःचे. पुढे इंग्रजी 'व्ही' आग्नेय आशियापुरता आला. ऑक्टोबर २०२१ मध्ये ३० पीसीवर निघाला तेव्हा कुठे तुझ्यासारख्याला घरबसल्या मिळाला.

एक गोष्ट तुझ्यासाठी राखून ठेवली होती. दूरदर्शनवरचा तो 'जायंट रोबोट' आठवतो ना, ज्याला एक पोरगा मनगटातल्या घड्याळात बोलून उडवायचा? तोही या मांडवात येऊन गेलाय. टीव्हीवरचा नव्हे, १९९० च्या दशकातल्या ॲनिमेशनमधला, पण मूळ मित्सुतेरु योकोयामांचंच. २००० च्या 'अल्फा' मध्ये पोरगं तेच, दाइसाकु, आणि चेहरा तोच, इजिप्तच्या फॅरोसारखा. तू शाळेत मधल्या सुट्टीत घड्याळाला तोंड लावून काय काय बोलायचास ते वहिनींना अजून माहीत नसेल तर मी डोंबिवलीला येईन तेव्हा सांगेन. 'अल्फा' ची जुनी डिस्क इथे सेकंडहँड दुकानांत सहज मिळते. जपानी येत नाही म्हणून अडू नकोस, मारामारी कळायला भाषा लागत नाही. बोलणी मी व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवेन.

तोवर ३० सोडू नकोस. मोहिमा कोणत्या क्रमाने करायच्या हे त्यात तूच ठरवतोस, तर ज्याची गोष्ट आवडेल त्याच्या मागे जा. सगळा पैसा एकाच गंडमवर ओतू नकोस. मोठा बॉस समोर आला की हिरामेकी लावल्याशिवाय कोणालाही त्याच्या जवळ पाठवायचं नाही. आणि त्याला शेवटचा घाव कोणाच्या हातून घातलास ते मला कळव.

तुझा,
नंदू

ता. क. लढाईची ॲनिमेशनं बंद करता येतात. प्रत्येक हल्ला एकदा तरी पूर्ण बघ, मग खुशाल बंद कर. आधीच बंद केलेली असतील तर मला सांगूच नकोस.