पाठकोऱ्या कागदावरचा हिशेब: काकांना आभाराचे पत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

कुपवाडच्या कारखान्यातील नव्या नोकरीचा पहिला पगार गेल्या आठवड्यात जमा झाला आणि मी हे पत्र लिहायला बसले. समोर आभार मानू लागले की आपण चहा टाकायला उठता, म्हणून चार लोकांच्या देखत, लेखी आभार मानत आहे.

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत पेढीवर मी सात वर्षे हिशेब लिहिले. तिथे पगार मागायची रीत नव्हती. दिवाळीला पाकीट हातात देताना वाढ सांगितली जाई आणि ती मुकाट्याने ऐकायची असे. त्यामुळे नव्या अर्जातील ‘अपेक्षित पगार’ या रकान्यापाशी मी अडले. हातात १९,५०० रुपये पडत होते, त्यात थोडी भर घालून २३,००० लिहावेत असे ठरवूनच मी विश्रामबागेत आपल्याकडे आले होते. ‘हा आकडा आला कुठून?’ असे आपण विचारलेत, तेव्हा मी आईची औषधे आणि धाकट्याची फी सांगू लागले. आपण शांतपणे म्हणालात की, सौद्यात खरेदीदार हळदीची कांडी मोडून आतला रंग पाहतो, शेतकऱ्याचा घरखर्च विचारत नाही. मला ते त्या क्षणी लागले, हे आज मोकळेपणाने सांगते.

मग आपण एका पाठकोऱ्या कागदावर माझा महिना मांडायला लावलात. ७ तारखेला टीडीएसचा, म्हणजे कापून घेतलेल्या आयकराचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र, २० ला ३बी हे जीएसटी भरण्याचे विवरणपत्र. हंगामात रोजच्या सौद्यांच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचे हिशेब, त्यातील हमाली-तोलाई, व्यापाऱ्यांकडील येणे. प्रत्येक ओळीपाशी आपला एकच प्रश्न होता: तू आठ दिवस आली नाहीस, तर हे कोण करील? निम्म्याहून अधिक ओळींपुढे मला कोणाचेही नाव लिहिता आले नाही, आणि सात वर्षांत प्रथमच माझे काम मला एका जागी दिसले.

अर्धी हयात हळदीच्या पेढ्यांवर दिवाणजी म्हणून आणि उरलेली कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या कचेरीत, काढल्यामुळे आपल्याला दोन्हीकडचे ठाऊक होते. कुपवाड आणि मिरजेत हेच काम करणाऱ्या तिघांना विचारून यायला आपण सांगितलेत, आणि पुण्याचा आकडा तिथले घरभाडे वजा केल्याशिवाय धरू दिला नाहीत. वर्षाला ४,२०,००० ठरले, तर महिन्याला ३५,००० हातात पडतील, हा माझा समजही आपणच दूर केलात. मूळ पगार १७,५०० धरला, तर मालकाच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी २,१०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ८४२ रुपये त्या ३५,००० मधूनच जातात. त्यानंतर माझ्या वाट्याचे २,१०० आणि व्यवसाय कराचे २०० वजा जाता हातात साधारण २९,७५० उरतात. हे आधी कळले नसते, तर पहिल्या पगाराला मी स्वतःला फसवले गेलेली समजले असते.

मुलाखतीत ‘सध्या किती मिळतात?’ हा प्रश्न आलाच. आपण बजावल्याप्रमाणे मी खरा आकडा सांगितला, लगेच कामाचा कागद पुढे ठेवला आणि ४,५०,००० मागितले. आवाज कापत होता. समोरच्या गृहस्थांनी तो कागद दोनदा वाचला, पट्ट्यांच्या ओळीवर बोट ठेवून चार प्रश्न विचारले आणि ४,२०,००० वर बोलणे ठरले. याहून कमी असेल तर नमस्कार करून उठायचे, हे आपल्या ओसरीवर आधीच ठरवले होते, म्हणूनच मला तिथे बसून राहता आले.

पेढीवर माझ्या जागी आलेल्या मुलीचा ३बी भरताना काही अडले म्हणून परवा फोन आला. बोलता बोलता तिने पगार सांगितला. मी सात वर्षांपूर्वी ज्या रकमेवर लागले, त्याच्याच आसपासचा. येत्या रविवारी संध्याकाळी तिला आपल्याकडे घेऊन येत आहे. तिचा महिना तिने आधीच कागदावर लिहून आणावा, एवढे मी तिला सांगितले आहे.

आपली नम्र,
आपल्या गल्लीतील हिशेबनीस