काशीफळाची गोडी जात नाही, बाबा

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनची रेंज तुटत होती आणि बोलणं अर्धवटच राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते. बाबा, तुमची काळजी एकच ना, की झुकिनीशेजारी, म्हणजे त्या काकडीसारख्या दिसणाऱ्या विलायती भाजीशेजारी, काशीफळ (लाल भोपळा) लावलं तर दोन्हींची मिसळ होऊन काशीफळाची गोडी जाईल? नाही जात. पराग कुणाचाही पडो, यंदाच्या गराला काही होत नाही. मिसळ होते ती आतल्या बियांत, आणि कळते पुढच्या वर्षी ते बी पेरल्यावर. त्यातही या दोघांचं घराणं एक असलं तरी जात वेगळी, त्यांचं सहसा जमत नाही. दुधी-दोडक्याशी तर नाहीच नाही. खरी भीती शेजारच्या बांधावरच्या संकरित भोपळ्याची आहे, कारण तो काशीफळाच्याच जातीचा. मधमाशीला बांध कुठला कळतोय!

म्हणून आईनं दिलेलं बी शुद्ध राखायला मी दोरा बांधते. उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळीच ओळखू येते, टोकाला पिवळी पडलेली असते. मादी कळीच्या बुडाशी इवलंसं फळ असतं, नराची नुसती लांब दांडी. दोन्हींची तोंडं दोऱ्यानं बांधून ठेवायची. सकाळी दुसऱ्या वेलावरचं नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलून काढायच्या, मधला पिवळा दांडा मादी फुलात हलक्या हातानं फिरवायचा, की लगेच तिचं तोंड परत बांधायचं आणि देठाला लाल चिंधी. हे सगळं उन्हं चढायच्या आत. नऊ-दहाच्या सुमाराला फुलं मिटायला लागतात. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमची सून भोपळ्यांची लग्नं लावते."

झुकिनी सोयाबीन निघाल्यावर लावली, तीनच गुंठे. तिचा वेल जात नाही, झुडूप होतं, म्हणून अडीच-अडीच फुटांवर एकेक. काळ्या रानात पाणी साचून मुळं कुजतात, तेव्हा गादीवाफे केले आणि वर ठिबक. रोपं दोन पानांवर असताना लाल भुंगेरे आले. सकाळच्या गारठ्यात ते सुस्त असतात, हातानंच वेचले. फळमाशीला सापळे लावलेत. आता पानांवर भुरी, ती पांढरी बुरशी, दिसायला लागली आहे. दुकानदार गंधक मार म्हणाला, पण वेलवर्गाला ते सोसेलच असं नाही, ऊन असलं तर पानं करपतात. जी काही फवारणी करायची ती संध्याकाळी, मधमाश्या गेल्यावर.

दीड महिन्यात तोडा सुरू झाला. वीतभर झाली की देठासकट चाकूनं कापायची. दोन दिवस दुर्लक्ष केलं की मनगटाएवढी होते, आत बी धरते आणि झाडही नवी फळं धरायला आळस करतं. लातूरच्या मार्केटात एका आडत्यानं हातात घेऊन "काकडी का ही?" म्हणून विचारलं! त्यामुळे सध्या माल पुण्याला जाणाऱ्या गाडीत चढतो. माझं मत विचाराल तर तिला स्वतःची अशी फार चव नाही. पण किसून धपाट्यात घातली तर धपाटे मऊ राहतात, आणि पोरांना पत्ताही लागत नाही.

मग लावली कशाला, असं बाबा विचारणारच. पाण्यासाठी. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. वर्षभर पाणी मागणारा ऊस आमच्या बोअरला झेपणार नाही. झुकिनी उन्हाळ्याच्या आत रान मोकळं करते. उन्हाळ्यात ती तशीही नको, उष्णता वाढली की नर फुलंच जास्त येतात. काशीफळ मात्र विकायचं नाही. देठ वाळून नख रुतेनासं झालं की उतरवायचं, हे तुम्हाला मी काय सांगणार!

एक गोष्ट मात्र ऐकाच. बाबा सकाळी दुधीचा रस घेतात ना? आई, आधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघत जा. कडू लागला तर थुंकून टाक आणि अख्खा दुधी फेकून दे. झुकिनीचंही तेच. तो कडवटपणा शिजवूनही जात नाही आणि पोटात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. "औषधी असतं" म्हणून बाबा पिऊन टाकतील, मला ठाऊक आहे.

वेळ अमावस्येला, शेतातल्या पूजेला, इकडेच या. भज्जी आणि अंबील सासूबाई करणार आहेत, उंडे मी करेन. मोटारसायकलवर येऊ नका, एसटीनं या, औशाच्या स्टँडवर हे घ्यायला येतील. आणि आई, राखेतलं काशीफळाचं बी अजून उरलं असेल तर मूठभर आण. जावेलाही हवंय.

तुमची लेक